पाहुण्यांच्या दोन ओळी

"काकी, तुम्ही एवढंच म्हणायचं, दीर फवारत नाही. बस्स!" गालिबने तिसऱ्यांदा बजावलं.

"आणि माझ्या नाकात बसलाय तो वास अत्तराचा म्हणू?" तकिय्या म्हणाली.

गालिब हा हराज़च्या डोंगरातल्या त्या गावच्या कॉफी संस्थेचा अध्यक्ष. सेंद्रिय कॉफीचं प्रमाणपत्र मिळालं, तर चढ्या भावातून गावाला पाण्याची टाकी होणार होती. एक शेत नापास झालं, की सगळं गाव नापास. आणि सगळ्यांत अडचणीचं शेत या विधवा तकिय्याचं. बांधाला लागूनच धाकट्या दिराची, मुकबिलची, गातची झुडपं. त्यांची झिंग आणणारी पानं माणसांनी दुपारभर चघळायची, आणि हा पठ्ठ्या दर गुरुवारी त्यांवर कीडनाशक मारायचा!

प्रमाणपत्राची तपासनीस इब्तिसाम राजधानी सानाहून आली होती. तकिय्याने दिलेला कॉफीच्या सालांचा काढा, किशर, पिऊन ती थेट बांधावर गेली. "पलीकडे फवारणी होते?"

"होते की. दर गुरुवारी. वारा आमच्याकडे असला तरी."

गालिबने कपाळावर हात मारला. गेली टाकी!

इब्तिसामने टेप लावून अंतर मोजलं. "बांधालगतच्या या दोन ओळींची फळं कुठल्या गोणीत जातात?"

"गोणीत? छे! बांधावरच्या वाटेकडच्या या ओळी पाहुण्यांच्या. नवरा जाताना शेवटचं तेच बोलला, त्या विकू नकोस. त्यांच्या वाळल्या सालांचा मी किशर करते, आलं घालून. आत्ता तूही तोच प्यायलीस की, पोरी."

"तोडता, वाळवता वेगळं?"

"पाहुण्याचं आणि व्यापाऱ्याचं कुणी एकत्र करतं का?"

इब्तिसाम पहिल्यांदा हसली. "काकी, आम्हाला हेच हवं असतं. शेजारचं औषध या ओळींवर अडतं, आणि यांचा माल विकला जात नाही. तुम्ही पास!"

गालिबने कमरेचा जांबिया खंजीर सावरत बांधावरच फेर धरला. तकिय्या मात्र त्या दोन ओळींकडे बघत होती.

"म्हणजे परदेशातल्यांना स्वच्छ कॉफी, आणि माझ्या पाहुण्यांना औषध?"

तकिय्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी ती किटली घेऊन दिराच्या दारात उभी राहिली. आत मंडळी गातची पानं चघळत बसली होती.

"भाऊजी, आजपासून पाहुण्यांना आतल्या ओळींचा किशर. बांधावरचा रोज तुम्हाला. औषध तुमचं, गुणही तुम्हीच घ्या!"

मंडळी खो खो हसली. मुकबिलच्या गालातला तोबरा तसाच राहिला. वहिनीच्या हातच्याला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. आज पिणंही जमेना.

रोज किटली जायची, रोज भरलेली परत यायची. गुरुवारी सकाळी मात्र हलकी आली. तकिय्याचा जीव चरकला. मेला प्यायला की काय! तिने घाईने झाकण काढलं. तळाशी फवारणीच्या पंपाचं पितळी नोझल पडलं होतं.

ती एकटीच हसत सुटली. मग आतल्या ओळींच्या सालांचा किशर केला आणि दिराला बांधावर हाक मारली. त्याने मान खाली घालून पेला घेतला, डोळे मिटले आणि फुर्रकन पहिला घोट ओढला, अगदी तिच्या नवऱ्यासारखा.