मागीलदार

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. इंजिनिअर गुरुप्रसादने आमच्या पडवीत नकाशा उलगडला आणि माझा नवरा निलेश खूश झाला. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, समोरच्या अंगणात, खळ्यात, तुळस. "सगळं आपल्या कोकणी पद्धतीचं," गुरुप्रसाद म्हणाला. मी मागची बाजू बघितली. स्वयंपाकघराला सरळ भिंत. पुढून कोकण, मागून ठाण्याचा फ्लॅट!

"मागीलदार खंय आसा?" मी विचारलं.

"वहिनी, तिथे ओटा आणि कपाटं येतील. दार कशाला?"

"एक दार पुरो गो," निलेश म्हणाला. "चोरांका आणखी एक वाट कित्याक?"

मासे साफ करायला दार हवं, असं मी म्हटलं. त्याने लगेच बाहेरचा नळ दाखवला. खरं कारण मला सांगता येत नव्हतं.

खरं कारण म्हणजे शेजारची सुभद्रा. तिचा नवरा भाई आणि माझे सासरे दाजी एकाच भावकीतले. बांधावरच्या फणसावरून त्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. त्यांच्या घरातलं माणूस आमच्या खळ्यात पाय ठेवत नाही. पण दुपारी दाजींचा डोळा लागला की सुभद्रा माडांमधून मागच्या दारी येते. नारळ खवता खवता आम्ही एकमेकींचं ऐकून घेतो. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा तिनेच मला तिथे बसवून दोन घास भरवले होते. ते दार बुजलं तर ती मला भेटायची कुठे?

मी आतून धुमसत होते. गुरुप्रसाद नकाशा गुंडाळू लागला.

"थांब रे," इतका वेळ सुपारी कातरत बसलेले दाजी म्हणाले. "मागीलदार काढ. आणि भायर बसाक जागा ठेव."

"कित्याक, दाजी?" निलेश वैतागला.

"मगे सुभद्रा खंयसून येतली? भाईची बायल माझ्या खळ्यातसून येवची नाय."

माझे कान तापले. इतकी वर्षं आम्ही दोघी चोरासारख्या बोललो, आणि हा म्हातारा झोपेचं सोंग घेऊन पडलेला! चांगलं सुनावणार होते, पण रडूच आलं.

"रडतंस कित्याक गो?" दाजी म्हणाले. "तिका सांग, नव्या घरात मोठ्यान बोल. तुमच्या कुजबुजीन माका झोप येणा नाय."