माझ्या शेजारचा नवा जोड

दाराआडून बोलतोय तो मी, माझे मालक सुतार यांचा नदीत घालायचा बूट. उजवा. डावा माझा जुळा भाऊ, पण तो अबोल. म्हणून दोघांचं गाऱ्हाणं मीच सांगतो.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा तळाला रबर न लावता दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा जाड थर लावला. शेवाळलेल्या दगडावर तो मांजराच्या पावलासारखा टेकतो आणि धरून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी मालक गळ घेऊन मांडीभर पाण्यात उभे राहायचे, ते माझ्या भरवशावर. घरी आले की मला उलटं करून पाणी काढायचे आणि म्हणायचे, "शाब्बास रे गड्या!" तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

एक खोड मात्र माझ्यात आहे. तळात चिखल भरला की मी साबणासारखा निसटतो. एकदा काठ चढताना मालक असे आपटले की गळाची काठी मोडली आणि कंबर धरली. मालकीणबाईंनी शेकता शेकता बजावलं, "अहो, एक तर बूट बदला, नाहीतर नदी सोडा. तुम्हाला उचलायला मी काही क्रेन नाही!"

नदी सोडणं मालकांना जमणार नव्हतं. त्यांनी मला सोडलं.

नवा जोड आला. रबरी तळ, त्यात चकचकीत खिळे. दुकानातल्या फरशीवर चार पावलं टाकून मालकांनी तो पसंत केला म्हणे. फरशीवर शेवाळ असतं का हो? आणि घरी आणून त्याला मऊ फडक्याने पुसलं! मला कधी कुणी पुसलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवत काय फक्त बायकांनाच असते?

'घसर एकदा, घसर,' मी मनात म्हणायचो. पण तो घसरला तर आतला पाय कुणाचा? या विचाराने जीव कातर व्हायचा, तरी जळफळाट काही थांबायचा नाही.

पुढच्या सुट्टीला मालकीणबाई म्हणाल्या, "मीही येते. बघू तुमचे हे नवे नवाब पाण्यात कसे चालतात." लोकरी मोजे एकावर एक चढवून त्यांनी पाय आम्हा दोघा भावांत घातले.

"अगं, मोठे होतील तुला."

"होऊ देत. तुमच्याबरोबर सगळं सांभाळून घ्यायची सवय आहे मला."

नदीच्या मधोमध गुळगुळीत काळ्या दगडावर नव्याचे खिळे करकरले आणि सुटले. मालक कलंडले. बाईंनी त्यांचा दंड पकडला, आणि दोघांचा भार माझ्या झिजलेल्या लोकरीवर आला. मी जीव खाऊन दगड धरला.

"सोडू नकोस गं!"

"सोडतेय कुठे? इतकी वर्षं धरूनच तर बसलेय!"

मी असा फुशारलो म्हणता! पण परतताना काठाच्या चिखलात मीच निसटलो. बाई गुडघ्यांवर आल्या. तेव्हा नव्याचे खिळे चिखलात घट्ट रुतले आणि मालकांनी त्यांना वर ओढलं.

"आता बोल, कुणाचे बूट चांगले?"

"काठावर तुमचे, पाण्यात माझे," बाई धापा टाकत हसल्या.

माझे, म्हणाल्या त्या.

आता आम्ही दोन्ही जोड दाराआड शेजारी शेजारी वाळतो. तो लवकर वाळतो, मी ओलाच असतो. हेवा संपलाय असं खोटं कशाला सांगू? फक्त मालकीणबाई, एवढं करा. माझी लोकर फार झिजलीय, तेवढी नवी लावून घ्या. पुढच्या खेपेलाही तुम्ही दोघं दगडावर उभे राहाल.

आणि ते मऊ फडकं आधी माझ्यावरून फिरवा. तो बघत असताना.