दुधी भोपळ्याचं रेडिएशन

धायरीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नव्हतं, तरी बाहेर गाडी लावायला जागा नव्हती. आत खुर्च्या संपल्या होत्या, लोक भिंतीला टेकून उभे होते आणि स्टेजवर एक मीटर किंचाळत होतं.

"ऐका! हा आवाज ऐका!" दिग्विजय माऊली माइकवर म्हणाले. "हॉस्पिटलने शरीरात भरलेलं रेडिएशन बोलतंय हे. डॉक्टर किरणं आत सोडतात. बाहेर कोण काढणार?"

"माऊली!" सभागृह गरजलं.

मीटरसमोर खुर्चीत माझा धाकटा भाऊ पोपट बसला होता. फुप्फुसाचा कर्करोग, त्यासाठी रोज किरणोपचार चाललेले. माऊलींनी त्याला घड्याळ, पट्टा, मोबाईल असं सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायला लावलं, ट्रे लांब पाठवला, डोळे मिटायला सांगितले आणि छातीवरून हात फिरवत ते पुटपुटू लागले. "सिस्टीम रीसेट. पेशींची फायरवॉल ऑन. टॉक्सिक लोड अनइन्स्टॉल." मग मीटर पुन्हा फिरवलं. ते चिडीचूप. बायका डोळे पुसायला लागल्या.

हे गृहस्थ हिंजवडीतल्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून मानवजातीसाठी आले होते म्हणे. कर्करोग अनइन्स्टॉल करणाऱ्या माणसाने नोकरी सोडली की नोकरीने त्याला, असा एक प्रश्न माझ्या मनात आला. मी तो विचारला नाही, कारण तेवढ्यात रंगराव उभे राहिले.

रंगराव म्हणजे तिथला हुकमी एक्का. वय साठीचं, अंगात पांढरा सदरा, मान ताठ. "मला किडनीचा क्यान्सर हाय. तो खुब्याच्या हाडात उतरला, म्हणून मशीन खुब्यावर मारलं. पर हितं मानेवर लिंबाएवढी गाठ व्हती, तिला मशीन शिवलंबी न्हाई." त्यांनी मान वळवून दाखवली. "बघा. गेली! मशीन खुब्याला, आन् गाठ गेली मानेची. मग कुनी घालवली?"

"माऊली!" पुन्हा तेच.

मी आम्रपाली. वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. वजनकाटे, पेट्रोल पंप, रिक्षांची मीटरं तपासण्यात जन्म गेला. त्यामुळे मला कुठलंही मीटर खरं वाटत नाही, आणि मीटरवाला तर मुळीच नाही. रंगराव हा भाड्याने आणलेला माणूस आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

संध्याकाळी पोपटच्या घरी जेवायला बसलो. माझ्या भावजयीने, प्रेमलाने, पोपटचं ताट बाल्कनीत नेऊन ठेवलं. वेगळं ताट, वेगळी वाटी, वेगळा पेला. नात आजोबांकडे धावली तर प्रेमलाने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"माऊली म्हणालेत, ह्यांच्या अंगातलं रेडिएशन भांड्यांना लागतं. लहान मुलांना तर पटकन लागतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आपल्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळा कप असायचा. बाहेर वळचणीला टांगलेला. आणि आज माझ्या भावाला त्याच्याच घरात वेगळं ताट?"

पोपट बाल्कनीतूनच म्हणाला, "ताई, मी हॉस्पिटल बंद केलंय. आठवडा झाला. आधी आतलं सगळं निघू दे, मग बघू."

"पोपट, आपल्या घराने छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन देव-देवस्की सोडली. तू एका बुवाच्या नादी लागलास?"

"बुवा कसला? अंगारा नाही, मंत्र नाही. मशीन आहे ते. मशीन कशाला खोटं बोलेल?"

आमचं घर फसलं ते इथे. समोर नारळ-लिंबू आलं असतं तर पोपटने दारातूनच हाकललं असतं. काटा हलला, लाल दिवा लागला, की आम्ही सुशिक्षित माणसं लगेच मान डोलावतो. मशीन खोटं बोलत नाही हे खरं, पण ते काय मोजतंय हे सांगणारा बोलू शकतो. नोकरीत हे मी रोज पाहिलं होतं आणि माझ्याच भावाला कधी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी स्टेजवरचा सगळा प्रकार पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. आमच्या खात्याकडे मिठाईवाल्यांच्या तक्रारी यायच्या, डब्यासकट तोलतात म्हणून. माऊली पहिल्यांदा माणसाला डब्यासकट तोलत होते आणि दुसऱ्यांदा डब्याशिवाय. मधे ट्रेमध्ये काय गेलं? घड्याळ, पट्टा आणि मोबाईल. तोही चालू, कारण स्टेजवर जायचं टोकन मिळण्यासाठी लाइव्ह लोकेशन सुरू ठेवायची सक्ती होती.

पुढच्या रविवारी मी प्रेमलाला सोबत घेतलं आणि तिला एवढंच सांगितलं, "मी स्टेजवर गेले की मला फोन लाव. उचलला नाही तरी लावत राहा." कार्यालयाबाहेरच्या भाजीवालीकडून मी एक दुधी भोपळा घेतला. फोनचा आवाज बंद करून तो कापडी पिशवीच्या तळाशी ठेवला आणि वर दुधी.

"माऊली, पेशंटच्या घरातली भाजी आहे," मी स्टेजवर चेहरा पाडून म्हणाले. "खाल्ली तर चालेल ना?"

त्यांनी मीटर पिशवीजवळ नेलं. ते केकाटलं. सभागृह हळहळलं.

"पाहिलंत? भाजीतसुद्धा शिरलंय!"

"अहो, पण ही आत्ता बाहेरून घेतली. भाजीवाली तुमच्या गेटवरच बसलीये. या दुधीला कुठल्या हॉस्पिटलात किरणं दिली, तेवढं आपण सांगाल का?"

मी पिशवीतून फोन काढून प्रेमलाच्या हातात दिला आणि तिला लांब जायला सांगितलं. दुधी गप्प. फोन परत आणला. मीटर पुन्हा ओरडायला लागलं.

"मोबाईलच्या लहरी पकडणारं खेळणं आहे हे," मी माइककडे तोंड करून म्हणाले. "शंका असेल त्याने वर यावं. आधी ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसावर लावा. खिशात फोन ठेवून एकदा, काढून एकदा."

दोन माणसं वर आली, मग चार. माऊलींनी नकारात्मक फ्रिक्वेन्सीमुळे सत्र थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि ते मागच्या दाराने, मीटरसकट, निघून गेले.

पण घरी हे सगळं सांगितलं तरी पोपट काही हलला नाही. "मीटर खोटं निघालं, मान्य. पण रंगरावांची गाठ मी आधीच्या एका सत्रात स्वतः चाचपली होती, ताई. ती कुठे गेली?"

मी रंगरावांना गाठलं आणि तोंडावरच विचारलं, "किती देतात तुम्हाला?"

त्यांनी हात जोडले. "बाई, मी भाड्याचा मानूस न्हाई. माझी गाठ खरंच गेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला शरम वाटली, तरी संशय गेला नाही. म्हणून मी त्यांना आणि पोपटला घेऊन डॉ. राजनंदिनींकडे गेले. पोपटवर उपचार करणाऱ्या त्याच होत्या आणि रंगरावांच्या खुब्यावर किरणं त्यांनीच दिली होती.

"गाठ गेली हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "रंगराव, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ते औषध घेताय ना अजून?"

"घेतो की. किरणं सुरू व्हायच्या आधीपासनं."

मी चमकून पाहिलं. "हे स्टेजवर कधी सांगितलं नाहीत?"

"हॉस्पिटलचं माइकवर काढायचं न्हाई, असं माऊली म्हनले व्हते. आन् त्यांच्याकडं गेलो तवा गाठ बारीक व्हायला लागलीच व्हती."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. कर्करोग त्यांच्यापासून लपून राहतो, त्यांना थोपवून धरतो. किरणांनी कर्कपेशी मोडते तेव्हा तिच्या आतलं बाहेर सांडतं. त्यातून धोक्याचे इशारे जातात, तुकडे लढणाऱ्या पेशींच्या हाती लागतात आणि शत्रू कसा दिसतो ते त्यांना कळतं. मग त्या रक्तातून फिरत दुसरीकडच्या गाठीवरही तुटून पडू शकतात. रंगरावांचं औषध त्या पेशींना घातलेला लगाम सोडवणारं होतं.

"म्हणजे किरणं खुब्याला दिली आणि गाठ मानेची गेली, ते असं?" पोपटने विचारलं.

"बहुधा. एकट्या औषधानेही होऊ शकतं. खात्रीने मी सांगू शकत नाही. असं क्वचित घडतं. किरणं कधीकधी त्याच लढणाऱ्या पेशींना मारतात, दडपतातसुद्धा. त्यावर अजून संशोधन चालू आहे."

"आणि अंगात साठलेलं रेडिएशन?"

"बाहेरून देतो ती किरणं साठत नाहीत. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? नातीला खुशाल मांडीवर घ्या, एका ताटात जेवा."

पोपटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता.

रंगराव म्हणाले, "माझं ऐकून किती जनांनी मशीन सोडलं असंल हो?" पुढे ते घरोघर फिरून लोकांना परत पाठवू लागले. शंभू नावाच्या एका मुलाच्या आईला ते स्वतः हॉस्पिटलात घेऊन आले, पण तिने मधे फार महिने घालवले होते. ती गेली. आणि त्या दिग्विजय माऊलीने पुन्हा कुठेतरी मांडव घातलाच असेल.

त्या दिवशी निघताना पोपटने डॉक्टरांना विचारलं, "मी मधे सोडलं, त्याचं काय? मी बरा होईन?"

"बुडालेले दिवस आपण भरून काढायचा प्रयत्न करू. खंड पडला की रोगाला सवड मिळते, हे लपवत नाही. बरे व्हाल का, ते आज सांगता येणार नाही. पण उपचार घेतलेत तर शक्यता वाढते."

आयुष्यभर मी छातीठोक बोलणाऱ्यांचेच काटे खोटे निघालेले पाहिले. "सांगता येणार नाही" असं म्हणणारी ही बाई मला त्या क्षणी पटली. पोपटलाही पटली असावी. त्याने सदऱ्याची बटणं काढली आणि विचारलं, "आज घेता येईल का?"

वाचकहो, घरात आजार आला की भीती वाटते आणि भीती वाटली की माणूस खात्री शोधतो. ती विकणारे दारातच उभे असतात. त्यांना प्रश्न विचारा, आणि रागावले तर उठून चालू लागा. डॉक्टरांनाही विचारा, खुशाल संशय घ्या, पण उपचार चालू ठेवून घ्या.