ड्रम फुगतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे आणि माणसांना समजावून समजावून थकलो आहे. तोंड नसताना समजावणं किती अवघड असतं, ते तुम्हाला काय कळणार!

कोरियातल्या इंचन शहरात, धातूंना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात मी तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सांभाळलं. साखरेचा बघता बघता कोळसा करणारं ते ॲसिड माझ्याशी मात्र सभ्यपणे वागलं. आल्या आल्या त्याने मला आतून एक पातळ थर चढवला आणि त्यापलीकडे फारसा त्रास दिला नाही. मालक दोकसू म्हणायचा, "हा ड्रम म्हणजे आपला घरचा माणूस!"

मग मी रिकामा झालो. रताळी भाजायला घरच्या माणसाची भट्टी करायची ठरली. दोकसूने मला पाण्याने विसळलं, पाणी ओतून टाकलं आणि आत धूळ जाऊ नये म्हणून बूच घट्ट लावलं. ज्याला उद्या कापायचं, त्याला धुळीपासून जपलं!

तळाशी थोडं ॲसिड उरलंच होतं. पाणी मिळताच त्याची सभ्यता संपली. पातळ झालेलं ॲसिड तो थर धुऊन मलाच खाऊ लागलं. ठिणगीने भडकणारा हायड्रोजन वायू सुटला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. बोलता येत नाही, म्हणून मी फुगलो.

सकाळी दोकसू गॅस कटर घेऊन आला. त्याची ताई ओकबुन नेहमीसारखी माझ्यावर लसूण सोलायला बसली आणि घसरली.

"अरे, हा काल सपाट होता!"

"ताई, ड्रम नाही, तूच गोल झालीस."

"माझी बैठक मला ठाऊक आहे! याच्या पोटात काहीतरी आहे."

"रिकामा आहे गं. कालच धुतला, पाण्याने..."

बोलता बोलता दोकसू पांढराफटक पडला. कटर त्याने लांब नेऊन ठेवला.

"ताई, आधी ती कोपऱ्यातली चूल विझव आणि बाहेर जा."

मग बाजूला उभं राहून त्याने बूच जरासं सैल केलं. मी बराच वेळ फुसफुसत होतो.

"ठिणगी पडली असती तर?" ताईने दारातून विचारलं.

"तर रताळी खायला आपण दोघंही नसतो."

ताईने लसणाची टोपली त्याच्या डोक्यात घातली आणि रडायला लागली.

भट्टी रद्द झाली. आता मला जाणकार लोक नीट साफ करून भंगारात नेतील. मित्रांनो, ॲसिडचा ड्रम घरी धुऊ नका, कापू नका. आणि तो फुगलेला दिसला तर आग लांब ठेवा, तुम्हीही लांब राहा आणि जाणकारांना बोलवा. फुगणं हीच आमची हाक असते. त्याहून मोठ्याने ओरडायचं, तर आम्हाला फुटावं लागतं.