रांगेचं उजवं टोक

वनजानं एक तळहात तान्ह्या येसाजीच्या उजव्या कानावर ठेवला, दुसरा उजव्या खांद्यावर, आणि मान हळूहळू डावीकडे कलवायला घेतली.

"एक... दोन... तीन..."

चारला ओठ थरथरले. पाचला त्यानं श्वास आत ओढला. सहाला जी किंकाळी फुटली, तिनं उंबऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या वनजाच्या सासूबाई रुक्मिणीबाई सूप टाकून उठल्या आणि कानांवर पदर दाबत परसात गेल्या. साताला पोरानं खांदाच वर उचलला. वनजाच्या तळव्याखालून तो गोल, तेलकट खांदा माशासारखा निसटला. खांदा निसटला की मान आपल्या जागी परत येते, आणि सगळं मोजणं पाण्यात जातं.

"साकु, वनजा! पुरे म्हटलं ना!" ओसरीवरून फत्तेसिंगरावांचा आवाज आला. "माणसाचं पोर आहे ते, ऊस नव्हे. पिळायची हौस बन्नूरला ठेवून यायची."

वनजाचं माहेर बन्नूरचं, चहूकडे उसाचं; सासरी आल्या दिवसापासून सासऱ्यांच्या तोंडी हा ऊस होता. एरवी ती हसायची. आज तिनं पोराला उराशी धरलं आणि पुन्हा मनात पहिल्यापासून मोजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पंधरापर्यंत सांगितलं होतं, दिवसातून पाच वेळा. पंधराचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं.

पाळणा बैठकीत होता, आणि पाळण्याच्या डावीकडे, पश्चिमेच्या भिंतीवर, मोठे येसाजीराव होते. फत्तेसिंगरावांचे आजोबा. संस्थानच्या महाराजांच्या घोडदळातले. तसबिरीत छाती कोटाच्या गुंड्यांना ताणून धरलेली, पटका बांधलेला, मान किंचित उजव्या खांद्यावर कललेली आणि नजर डावीकडे, कुठंतरी लांब. घराण्यात कुणाचंही लग्न ठरलं की ही मान आधी सांगितली जायची. अशी मान ठेवून दसऱ्याच्या स्वारीत ते रांगेच्या उजव्या टोकाला घोडा चालवायचे. उजवं टोक म्हणजे मानाची जागा. साऱ्या रांगेनं तिथं बघून आपली ओळ धरायची. फत्तेसिंगराव स्वतः घोडेस्वार पोलिसात तीस वर्षं होते, जमादार म्हणून निवृत्त झाले, पण ते टोक त्यांना मिळालं नव्हतं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते तसबिरीपुढं निरांजन लावत, लहानशी पितळी घंटा वाजवत आणि मग कॉफी घेत.

बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घातलं, तेव्हा त्याचं डोकं उजवीकडे कललं आणि तोंड डावीकडे वळलं. फत्तेसिंगराव पाळण्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे. "नोडी, बघा," ते जमलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "आलेत ते. मान बघा. नाव शोधायला नको." बायांनी पाळण्याची दोरी ओढली, आणि पोर येसाजी झालं.

पुढच्या दोन महिन्यांत वनजाला जे कळलं, ते मानेच्या उजव्या घडीतून कळलं. दूध ओघळून तिथं साचायचं, घडी उघडायची नाही, कातडी लाल होऊन आंबूस वास यायचा. एका बाजूला घेतलं की पोर प्यायचं, दुसऱ्या बाजूला घेतलं की रडून निळं व्हायचं. एके दिवशी न्हाऊ घालताना कानाखाली तिच्या बोटाला भुईमुगाच्या दाण्याएवढी गाठ लागली. तिनं ती कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन ती एकटीच जयलक्ष्मीपुरमला डॉक्टर वेदवतीबाईंकडे गेली.

वेदवतीबाईंनी गाठ चाचपली, मान फिरवून पाहिली आणि वनजाला पाण्याचा पेला दिला.

"घाबरू नका. या बाजूचा स्नायू आखडलाय. जन्मतःच असतं कुणाकुणाला. ताणायचा, रोज. मान मी दाखवते तेवढीच न्यायची, जोर नाही करायचा. पण एकटीनं होणार नाही हं. एकानं खांदा धरायचा, एकानं मान. आणि त्याला बघायला जे जे आवडतं, ते ते उजवीकडे न्या. आत्ता काय बघतो?"

"तसबीर. म्हणजे निरांजन, घंटा. आमचे मामंजी सकाळी..."

"मग पाळण्यात डोक्याची बाजू बदला, म्हणजे ते आपोआप उजवीकडे येईल. महिन्यानं आणा. फरक दिसला तर ठीक. नाहीतर वर्षाचा झाला की शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल. मान तशीच ठेवली तर चेहराही एकीकडे ओढल्यासारखा वाढतो."

घरी येऊन वनजानं सगळं सांगितलं. फत्तेसिंगरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या डाव्या भुवईवर घोड्याच्या लाथेचा जुना वण होता. राग आला की तो पांढरा पडायचा.

"डोकं उत्तरेला करू? जित्या पोराचं?"

"मामंजी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्या म्हणतील. तिरडीवर ठेवतात तसं माझ्या नातवाला मी नाही ठेवायचा. आणि दुखणं कसलं त्यात? त्या मानेनं चाकरी केली, नाव केलं. तुला दुखणं दिसतं होय गं?"

नवरा रणोजी हुणसूरला जंगल खात्यात होता, शनिवारी यायचा. त्यानं एका शनिवारी खांदा धरला. पोर रडलं तशी त्याची पकड सुटली. रविवारी जाताना तो फाटकाशी हळूच म्हणाला, "अप्पांना दुखवू नको, वनजा. बाकी तू करतेस ते कर." बाकी म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही.

रुक्मिणीबाईंनीही एकदा धरून पाहिला. चारला त्यांनी हात काढून घेतला.

"अय्यो, माझ्यानं नाही होत गं. हे हात रडतं पोर उचलायचे आहेत, दाबून धरायचे नाहीत." त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, आणि त्यांच्या तोंडून, जात्यावर येते तशी, ओवी आली:

"तान्ह्या माझ्या राजाची । मान वळे एका अंगा
दुसऱ्या अंगाला उभी माय । बाळाला कुणी सांगा"

ओवी संपल्यावर पदरानं त्यांनी पोराच्या मानेची घडी पुसली; जेवढी उघडली, तेवढीच.

महिना भरायला आठ दिवस उरले. गाठ तशीच होती, मान तशीच.

त्या दुपारी वनजानं पाळण्याच्या उजवीकडे बसून खुळखुळा वाजवला. येसाजीचे पाय थांबले. त्यानं ऐकलं. तिनं हाक मारली, "येसू! ए माझ्या चिन्ना!"

पोराला आईचा आवाज कळला. त्याचं सगळं अंग आनंदानं हललं, मुठी उघडल्या, तोंडभर हसू आलं. आणि ते हसू त्यानं डावीकडे दिलं. भिंतीकडे. तिथं कुणी नव्हतं. तो थोडा वेळ हसत राहिला, मग वाट बघितल्यासारखा थांबला, मग पुन्हा थोडं हसला.

वनजाच्या हातातला खुळखुळा गादीवर पडला. उठावं, वळसा घालून पलीकडे जावं, त्याला आपलं तोंड दाखवावं, एवढंच तिला सुचलं. रोज ती तेच करायची. ती उठली.

"थांब."

फत्तेसिंगराव दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते आत आले, धोतर सावरून सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "आण त्याला."

वनजानं पोराला सतरंजीवर ठेवलं. त्यांनी आपली जाड, लगामानं घट्टे पडलेली बोटं उजव्या खांद्यावर टेकवली. दाबली नाहीत, उचलूही दिली नाहीत. तोंडाच्या कडक, हट्टी घोड्याचा लगाम धरावा, तशी नुसती राहू दिली.

"मोज."

"एक... दोन..."

सहाला किंकाळी आली. फत्तेसिंगरावांचे डोळे मिटले, बोटं हलली नाहीत. नवाला परसदारी काहीतरी भांडं पडलं. बाराला वनजाचा आवाज फुटला, तेव्हा तेराची हाक त्यांनी दिली, कवायतीत देतात तशी, खणखणीत. चौदा. पंधरा.

वनजानं मान सोडली आणि पोराला छातीशी घेतलं. हळूहळू हुंदके उतरले.

"कवायतीत 'दाहिने देख' म्हणतात," फत्तेसिंगराव बोलायला लागले. ते तिच्याशी बोलत होते, पण बघत होते सतरंजीच्या काठाकडे. "राजासमोरनं जाताना. सगळी रांग मान उजवीकडे वळवते. एकच माणूस वळवत नाही. उजव्या टोकाचा. त्यानं सरळ बघायचं असतं, रांग वाकडी होऊ नये म्हणून."

वनजा पोराची पाठ थोपटत राहिली.

"तेवढी एकच जागा होती आजोबांना चाकरी करता येईल अशी. जोडीदारांना ठाऊक होतं. त्यांनीच ती मिळू दिली, आणि गप्प राहिले. जन्मापासूनची मान ती. उजवीकडं वळायचीच नाही."

"मामंजी..."

"घरातही तसंच. आजी वाढायला यायची ती डावीकडनं. पाणी डावीकडनं. कुणी येऊन बसलं तर डावीकडं. कुणी शिकवलं नाही. साऱ्या घराला वळसा घालून चालायची सवयच लागून गेली." त्यांनी भुवईवरून अंगठा फिरवला. "मी सहा वर्षांचा होतो. त्यांचं बोट धरून बाजारातनं येत होतो, आणि खुळ्यासारखा उजव्या अंगानं चालत होतो. जटका आला, टांगाच तो, उजवीकडनंच. माझ्याच अंगावर येऊन गेला, आणि त्यांनी बघितलाही नाही. मी पडलो, तरी दोन पावलं तसेच पुढं गेले. हातात बोट नाही, हे कळल्यावर थांबले. आणि मला शोधलं ते डावीकडं."

वणाला त्यांनी बोट लावलं.

"म्हणजे घोड्याची लाथ..."

"लाथेची गोष्ट मी नंतर लावली. पोलिसात गेल्यावर." ते उठले. गुडघे वाजले. "संध्याकाळी किती वाजता?"

"पाचला."

"पाचला ये ओसरीवर. तिथं उजेड बरा आहे."

त्यानंतर दिवसातून पाचही वेळा ते आले. तसबिरीबद्दल पुन्हा बोलले नाहीत, डोकं उत्तरेला करण्याबद्दलही नाही. आणि तेवढं मागायचं धाडस वनजालाही झालं नाही.

तिसऱ्या सकाळी ती स्वयंपाकघरात पोराची दुपटी घडी करत होती. घंटा वाजली. रोजचीच घंटा, पण आवाज वेगळ्या ठिकाणाहून आला. हातातलं दुपटं घेऊन ती बैठकीच्या दारात आली.

पश्चिमेची भिंत मोकळी होती. तसबिरीच्या मापाचा एक चौकोन बाकीच्या चुन्याहून उजळ दिसत होता, आणि वर नुसता खिळा. पूर्वेच्या भिंतीवरची दिनदर्शिका खाली टेबलावर गुंडाळून ठेवलेली. तिच्या जागी, ताज्या खिळ्यावर, मोठे येसाजीराव होते. खाली जमिनीवर चुन्याची पूड सांडली होती. निरांजन जळत होतं. पाळण्याचं डोकं होतं तसंच, दक्षिणेला.

फत्तेसिंगराव पाठमोरे उभे होते. रोज सातदा वाजायची ती घंटा आज थांबत नव्हती.

पाळण्यात येसाजीच्या भुवया एकत्र आल्या. आधी डोळे गेले, उजव्या कोपऱ्यापर्यंत, जेवढे जातात तेवढे. ते तिथं अडले. मग हनुवटी हलली. तांदळाच्या दाण्याएवढी, किंवा तेवढीही नसेल. थांबली. घंटा वाजत राहिली. हनुवटी पुन्हा हलली.

वनजानं दुपट्याचा बोळा तोंडाशी धरला.

रुक्मिणीबाई नवऱ्याची कॉफी घेऊन आतून आल्या. सवयीनं त्या पाळण्याच्या डावीकडून निघाल्या होत्या. मधेच थांबल्या. मोकळ्या भिंतीकडे एकदा, नातवाकडे एकदा बघितलं. मग पेला हिंदकळू न देता मागं वळल्या, आणि सगळ्या पाळण्याला वळसा घालून उजवीकडून गेल्या.