दहा टक्के चूक

ओव्हेटा क्रेनशॉला ट्रकने उडवलं त्याला तीन दिवस झाले होते आणि डाव्या मांडीत सळई घालून दोन, तेव्हा ट्रकच्या विमा कंपनीतल्या बाईचा फोन आला. औषधांच्या गुंगीने ओव्हेटाची जीभ जड झाली होती. पण फोनवरची बाई, नाव केंड्रा, फार गोड बोलत होती. आधी तब्येतीची चौकशी केली, मग जेवण जातंय का विचारलं. बोलणं रेकॉर्ड होतंय, चालेल ना, असंही मध्येच विचारून घेतलं. ओव्हेटा म्हणाली, चालेल की.

मग केंड्राने ट्रक चालवणाऱ्या रँडल मीक्सचा विषय काढला. त्या बिचाऱ्याची झोप उडाली आहे, म्हणाली. ओव्हेटाला आईचं वळण असं की समोरचा दुःखात असला तर आपली चूक असो नसो, दोन शब्द बोलून त्याचं ओझं हलकं करायचं. ती कळवळली.

"त्याला सांगा, जिवाला लावून घेऊ नको म्हणावं," ती म्हणाली. "मीसुद्धा अजून एकदा बघायला हवं होतं."

केंड्राने आभार मानले, लवकर बऱ्या व्हा म्हणाली आणि फोन ठेवला.

झालं होतं ते असं. शनिवारी दुपारी ओव्हेटा हमरस्त्याकडेच्या टपरीवर उकडलेल्या शेंगा घ्यायला थांबली. गाडी पलीकडे लावलेली. शेंगांची पिशवी घेऊन तिने दोन्हीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडू लागली. ट्रक जॉर्जियाकडून आला. मीक्सच्या मांडीवरचा पोचपावत्यांचा गठ्ठा खाली पडला होता, तो उचलायला तो वाकला होता, आणि ताशी पस्तीस मैलांच्या मर्यादेच्या रस्त्यावर त्याचा काटा सेहेचाळीसवर होता. पोलिसांनी मोजमाप केलं. जॉर्जियाची हद्द सुरू झाल्याची पाटी तिथून एकशे चाळीस फुटांवर होती. ओव्हेटा पडली ती अलाबामात.

हे एकशे चाळीस फूट म्हणजे काय, हे तिला वकिलाने समजावलं. हॉलिस टार्पली साठीचा, घामट, सरळ माणूस. जिंकलो तरच फी, असं म्हणून त्याने केस घेतली होती. टेपवरचं बोलणं त्याने कागदावर वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

त्याने सांगितलं की देशात बहुतेक ठिकाणी चुकीची वाटणी करतात. ट्रकवाल्याची नव्वद टक्के, तुमची दहा, तर दहा कापून नव्वद तुम्हाला. जॉर्जियातही तसंच. पण आपल्या राज्यात, आणि आणखी तीन राज्यांत आणि देशाच्या राजधानीत, जुनाच नियम चालतो. जखमी माणसाचीही थोडी चूक निघाली, अगदी एक टक्का, तर त्याला काही नाही.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे शून्य, मिस ओव्हेटा. आणि चूक झाली हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगून बसलात."

"मी चूक नाही सांगितली. मी त्या पोराला धीर दिला."

"मला कळतं ते," टार्पली म्हणाला. "टेप वाजेल तेव्हा ते कुणाला ऐकू येणार नाही."

ओव्हेटा घरी आली ती धुमसत. तिने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घातलं होतं. मोठी पातेली उचलणं आता तिच्याच्याने होणार नव्हतं, तासभर उभं राहणंही नाही. शाळेने फुलं पाठवली आणि तिच्या जागी दुसरी बाई घेतली. मधल्या काळात कंपनीने तडजोडीचा आकडा कळवला. त्यात इस्पितळाचं अर्धं बिलही भागलं नसतं. टार्पली म्हणाला, घ्या, मी घ्या म्हणायलाच हवं. ती म्हणाली, नाही घेत. ज्यूरीच्या बारा माणसांनी माझ्या तोंडाकडे बघून काय ते सांगावं.

चौदा महिन्यांनी खटला उभा राहिला. ओव्हेटाला भीती होती ती मीक्सची. पण तो पोरगेला, मान खाली घालून आला आणि त्याने काहीच झाकलं नाही. मी वाकलो होतो, म्हणाला. वेग जास्त होता, त्या मला दिसल्याच नाहीत, यात त्यांचं काही नाही. कंपनीच्या वकिलाने त्याला झटपट खाली बसवलं आणि टेप लावली.

भरल्या कोर्टात ओव्हेटाचा आवाज घुमला. मीसुद्धा अजून एकदा बघायला हवं होतं. वकिलाने ते वाक्य तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्या वेळी तिची कानशिलं तापली. आईने दिलेलं चांगलं वळण कुणीतरी चोरून नेऊन त्याचाच दांडका करून तिच्या पाठीत घातला होता.

ज्यूरी आत गेली. चार तासांनी तिने न्यायाधीशांना एक चिठ्ठी पाठवली. न्यायाधीशांनी ती मोठ्याने वाचली: ट्रकवाल्यावर नव्वद टक्के आणि बाईंवर दहा टक्के, असं देता येईल का? टार्पलीने डोळे मिटले. न्यायाधीश म्हणाले, नाही. तिच्या निष्काळजीपणाने अपघाताला थोडाही हातभार लागला असं तुम्हाला वाटत असेल, तर निकाल कंपनीच्या बाजूने द्यावा लागेल. या राज्याचा कायदा असा आहे.

अर्ध्या तासात निकाल आला. कंपनीच्या बाजूने. ज्यूरीतल्या दोन बायका रडत होत्या. ओव्हेटाच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

तिची बहीण लव्होन मात्र कोर्टाच्या पायऱ्यांवरच सुरू झाली. "आमच्या चर्चमधला पर्सी आठवतो ना? हद्दीच्या पलीकडे, त्याच रस्त्यावर उडवलं त्याला. तो तर गाणं ऐकत चालला होता, कानात ते बोळे घालून. वीस टक्के कापले आणि बाकी सगळं हातात दिलं. नवी गाडी घेतली त्याने. तू पडताना अजून थोडं गडगडत गेली असतीस तर?"

"लव्होन, गप बस."

"मी का गप बसू?"

ओव्हेटालाही गप बसायचं नव्हतं. फक्त कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं. मीक्सवर ओरडून काय मिळणार होतं, आणि केंड्रा तर दुसऱ्याच राज्यात कुठेतरी बसून तिसऱ्याच कुणाच्या तब्येतीची चौकशी करत असेल.

पंधरा दिवसांनी ती काठी टेकत कॉय स्टॉलवर्थच्या दुकानात गेली. खिळे, रंग, पाइप विकणारा हा माणूस ज्यूरीचा प्रमुख होता. ती दारातून आत येताना दिसली तसा तो मागच्या बाजूला सरकला. पण दुकानात दुसरं कुणी नव्हतं, त्याला पुढे यावंच लागलं.

"मिस ओव्हेटा. काय देऊ?"

"ते दहा टक्के कशाचे होते, तेवढं सांगा."

कॉय काउंटरवरची धूळ पुसू लागला. मग त्याने सांगितलं. बाराच्या बारा जणांना तिला पैसे द्यायचे होते. पण टेप ऐकल्यावर, थोडीतरी चूक असणार असं कुणीतरी म्हणालं. मग कुणी पाच म्हणालं, कुणी पंधरा. दहावर जवळजवळ सगळे थांबले. उरलेले नव्वद तिला मिळतील असंच त्यांना वाटत होतं.

"आणि मिळत नाहीत हे कळल्यावर?"

"मग... शपथ घेतली होती आम्ही."

"चूक शून्य आहे, असं म्हणायला शपथ आड येत नव्हती. बारांपैकी एकालाही सुचलं नाही?"

"एकीला सुचलं," कॉय म्हणाला. "चिठ्ठीच्या आधीपासूनच ती शून्य म्हणत होती. उत्तर आल्यावर तर हटेचना. तिची समजूत काढावी लागली."

"कुणी काढली?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. "मी. प्रमुख होतो ना. म्हटलं, बाई स्वतःच टेपवर सांगतेय, आपण कोण नाही म्हणणारे."

ओव्हेटाने काठी उचलली. ती क्षणभर त्याच्या डोक्याच्या उंचीवर राहिली आणि मग काउंटरवर आली, इतक्या जोरात की स्क्रूची बरणी खाली जाऊन फुटली. कॉय जागचा हलला नाही.

"एक बाई माझ्या बाजूने उभी राहिली," ती म्हणाली, "आणि तिला तुम्ही खाली बसवलंत. आणि वर तुम्हाला वाईट वाटतंय."

"वाटतंय."

"मग फेब्रुवारीत माँटगोमेरीला चला. विधानसभेत हा कायदा बदलायचं विधेयक समितीपुढे येतंय, टार्पली सांगत होता. मी बोलणार आहे. तुम्ही आत काय केलंत ते तुम्ही सांगा."

कॉय म्हणाला, त्याची निम्मी गिऱ्हाइकं ट्रकवाले आणि ठेकेदार आहेत. ओव्हेटा म्हणाली, माझी सगळी गिऱ्हाइकं पोरं होती आणि ती गेली. ती बाहेर पडली. तो फुटलेल्या काचा गोळा करत राहिला.

फेब्रुवारीत सकाळी सहाला तो गाडी घेऊन तिच्या दारात उभा होता. मागचं सीट तिचा पाय लांब करता यावा म्हणून मोकळं केलेलं होतं.

समितीत प्रत्येकाला दोन मिनिटं होती. ओव्हेटाच्या आधी व्यापाऱ्यांच्या संघटनेचा माणूस बोलला. कायदा बदलला तर विम्याचे हप्ते वाढतील, नोकऱ्या शेजारच्या राज्यांत जातील. शेजारच्या राज्यांत हाच बदललेला कायदा आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि समितीत कुणी विचारलंही नाही.

ती उभी राहिली. लिहून आणलेला कागद तिने उघडलाच नाही. फोन सांगितला, टेप सांगितली, चिठ्ठी सांगितली. लाल दिवा लागला. ती बोलत राहिली. ध्वनिक्षेपक बंद झाला. त्याने काही फरक पडला नाही, कारण तीनशे पोरांच्या गोंगाटात रांगेच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज तिने सव्वीस वर्षं वापरला होता.

"तुमच्या कायद्यात माझा पाय मोडणाऱ्याला नव्वद टक्के चूक करूनही पूर्ण माफी आहे," ती म्हणाली. "मला मात्र दहा टक्क्यांची पूर्ण शिक्षा. कुठल्या शाळेत शिकलात हा हिशोब? माझ्या शाळेत नक्कीच नाही."

सुरक्षारक्षक तिच्याकडे निघाला, तेवढ्यात मागून कॉय उठला. त्याने आपलं नाव सांगितलं, आपण प्रमुख होतो हे सांगितलं, आणि एका बाईला आपण कसं वळवलं तेही, काही न वगळता. "आम्हाला न्याय द्यायला बसवलं होतं," तो म्हणाला, "आणि तुमच्या कायद्याने आमच्याकडून हे करून घेतलं. मला हे करायचं नव्हतं."

मतं पडली. विधेयकाच्या विरोधात नऊ, बाजूने चार. अध्यक्ष मुद्दाम खाली उतरून आले आणि त्यांनी हात पुढे केला. "तुमचं बोलणं काळजाला भिडलं, मॅडम."

ओव्हेटाने हात काठीवरून काढला नाही. "भिडलं होतं, तर मत देताना ते काळीज कुठे ठेवलं होतंत?"

अध्यक्ष हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

परतीच्या वाटेवर चाळीस मैल मागे पडले. पाय ठणकत होता आणि राग तर सकाळपेक्षाही वाढला होता. मग ओव्हेटाने विचारलं, ती बाई कोण होती, जी शून्य म्हणत होती?

कॉय म्हणाला, हे सांगणं बरोबर होईल का ठाऊक नाही. ती म्हणाली, बरोबर काय ते आज खूप ऐकलं. त्याने नाव सांगितलं. जर्लीन मॉटली, लाँड्रीत इस्त्री करते, गिरणीच्या मागच्या गल्लीत राहते.

"तिकडे घ्या गाडी."

जर्लीनने दार उघडलं. सडपातळ, पन्नाशीची, हातात अजून ओला टॉवेल. तिने ओव्हेटाला लगेच ओळखलं आणि तिची मान ताठ झाली. मग तिला फाटकाबाहेरची गाडी दिसली.

"त्याला इथे कशाला आणलंत? त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानातून खिळासुद्धा घेत नाही."

"त्यानेच मला आणलंय," ओव्हेटा म्हणाली. "आज माँटगोमेरीत, कायदा बदलायच्या समितीपुढे, त्याने सगळं सांगितलं. तुमच्याबद्दलही. नऊ जणांनी तरी विरोधातच मत दिलं."

जर्लीनने टॉवेल खांद्यावर टाकला. "नऊ कोण?"

"नावं लिहून आणलीत मी. निवडणुकीला मतं मागायला येतीलच ते दारात."

"आत या. पाय वर घ्या, त्या खुर्चीवर."

"आणि तो?"

जर्लीनने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. "बसू दे थोडा वेळ," ती म्हणाली, आणि यादी टेबलावर पसरून पहिलं नाव वाचू लागली.