वीस गेजची पेटी

अँडी कोस्टेलनिक मंगळवारी मेला आणि गुरुवारी संध्याकाळी, त्याच्या दर्शनाला आलेल्या साठ-सत्तर माणसांसमोर, मी त्याच्या शवपेटीची जाडी मोजली. कुणाला हे अभद्र वाटत असेल तर खुशाल वाटू दे. चौतीस वर्षं मी कारखान्यात पत्र्याचा तपासनीस होतो. अँडी पोलादाचा पत्रा लाटायचा आणि मी मायक्रोमीटर लावून त्यात खोट काढायचो. इतकी वर्षं रोज एकमेकांना शिव्या दिल्यावर जी मैत्री होते, ती आमची होती.

कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली. मोनोंगहेला नदीच्या काठावर जिथे आमच्या भट्ट्या होत्या, तिथे आता चपलांची दुकानं आहेत. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दर गुरुवारी अँडी धरून आम्ही सात म्हातारे युनियनच्या हॉलमध्ये बियर घेऊन बसायचो आणि या देशाचं कसं वाटोळं झालं ते ठरवायचो. अँडीच्या खिशात कायम एक लोहचुंबक. कुणाच्या घरी गेला की पाणी मागायच्या आधी तो चुंबक वस्तूंना लावून पोलाद आहे का ते बघायचा. मुलीच्या नव्या फ्रिजला चुंबक चिकटला नाही, म्हणून ईस्टरचं जेवण अर्धवट टाकून उठला होता. गाडीचा बंपर प्लॅस्टिकचा, खुर्ची प्लॅस्टिकची, जेवणाचा चमचा प्लॅस्टिकचा. असा सगळा जन्म प्लॅस्टिकमध्ये काढून आमचा अमेरिकन माणूस मरताना मात्र पोलादाची पेटी मागतो, याचा अँडीला केवढा अभिमान!

"मला अठरा गेजच्या खाली पुरलंत," तो टेबलावर मूठ आपटून सांगायचा, "तर उठून बसेन आणि एकेकाला बघून घेईन."

गेजचं गणित उलटं असतं. आकडा चढला की पत्रा पातळ होतो. अठरा म्हणजे मर्दाची पेटी. वीस म्हणजे बिस्किटांचा डबा.

तर त्या संध्याकाळी मी पेटीपुढे गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि झाकणाच्या खालच्या कडेला हळूच मायक्रोमीटर लावला. मागून आमच्या गुरुवारच्या टोळीतल्या लुशियस टिब्जने वाकून विचारलं, "किती?"

"वीस."

"नीट मोज रे कॅस. चष्मा कुठाय तुझा?"

"रंगाचा थर धरूनसुद्धा वीसच भरतंय."

"लुटलं रे अँडीच्या बायकोला!" आमच्यातलाच डॉमिनिक इतक्या मोठ्याने बोलला की जपमाळ म्हणणाऱ्या बायका थांबल्या.

आम्ही तिघे तडक अंत्यविधीचं काम करणाऱ्या वेंडेलच्या ऑफिसात घुसलो. गावातल्या निम्म्या लोकांना याच्या आजाने पुरलं, उरलेल्यांना बापाने. हा तिसरा. याच्या टायला सुरकुती नाही आणि चेहऱ्यालाही नाही.

"पोरा," मी म्हटलं, "अँडीला तू वीस गेजमध्ये घातलंस?"

"मिस्टर वॉयतान, ऑर्डर वीसचीच होती."

"अँडी कोस्टेलनिक वीसची ऑर्डर देईल? अरे, तो सुपाचा डबासुद्धा दाबून बघून घ्यायचा! कुणाला शेंडी लावतोस?"

वेंडेलने माझ्याकडे न बघता दाराकडे बघितलं. दारात मिली उभी होती, अँडीची बायको. काळ्या कपड्यांत ती फारच लहान दिसत होती.

"कॅस, राहू दे ना," ती म्हणाली. "चांगली आहे पेटी. मी सांगते तुला..."

"मिली, तू बाहेर जाऊन बस बघू. हे पोलादाचं काम आहे, यात तुला काही कळायचं नाही."

ती वळून बाहेर गेली. एकोणपन्नास वर्षं एका लाटणाऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईला मी हे ऐकवलं. मला तेव्हा वाटलं, दुःखाने बिचारीची मती गुंग झाली आहे.

"अठराची आत्ता नाहीये," वेंडेल म्हणाला. "सोळाची आहे. पण ती फार जड..."

"सोळाच दे!" डॉमिनिक गरजला. "वरचे पैसे युनियन देईल." आम्ही छात्या काढून बाहेर आलो. त्या रात्री हॉलवर आम्ही आमच्याच नावाने चार पेले जास्त घेतले.

सकाळी स्लोव्हाक चर्चपुढे गाडी थांबली. पायऱ्या चौदा. वेंडेलने चाकांचा गाडा पुढे केला, तो डॉमिनिकने पायाने बाजूला ढकलला. वेंडेल म्हणाला, "माझी सहा माणसं आहेत, ती उचलतील."

"भाड्याची माणसं? आमच्या अँडीला?" मी म्हटलं. "आयुष्यभर पोलाद उचललंय आम्ही."

खरं तर पोलाद क्रेन उचलायची. पण ते असो. आम्ही खांदेकरी सहा, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. माझ्या कमरेला पट्टा. डॉमिनिकचा एक गुडघा डॉक्टरने बसवलेला, दुसरा देवाच्या भरवशावर. लुशियसच्या छातीत यंत्र. पेटीच्या दांड्याला आम्ही हात घातले. अँडीही काही पिसासारखा नव्हता.

चार पायऱ्या ताठ मानेने चढलो. पाचवीला डॉमिनिकचा गुडघा कटकन वाजला. सातवीला लुशियसचे ओठ निळे पडले. "टेका," तो पुटपुटला, "टेका रे, मरेन मी." आम्ही पेटी तिथेच तिरकी टेकवली. आतून धप्पकन आवाज आला. अँडी पायांकडे घसरला होता. वर दारात पाद्री, खाली सगळं गाव, आणि मधे आम्ही, धापा टाकत.

मिली कठडा धरून वर आली. आमच्याशेजारी थांबली.

"वीसची त्यानेच घेतली होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मार्चमध्ये. वेंडेलकडची एकेक पेटी एका टोकाने उचलून बघितली त्याने. म्हणाला, कॅसची कंबर गेलीय, डॉमिनिकचे गुडघे, लुशियसचं हृदय. सगळ्यांत हलकी कुठली ते बघ मिली, म्हणजे पोरांना मला नेता येईल. मी म्हटलं, मग त्यांना सांग की तसं. तर म्हणे, सांगितलं तर हट्टाने जाड घेतील गाढवं. तू बोलू नकोस, पेटी कोण मोजतंय?"

डॉमिनिकने तोंड फिरवलं. लुशियस पायरीवर बसून हुंदके देऊ लागला. मला इतकी लाज माझ्या उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"मिली, आम्ही परत उचलतो," मी म्हटलं. "थोडं थांबून."

"नको," ती म्हणाली आणि तिने वेंडेलला मान हलवून खूण केली.

त्याची सहा पोरं आली. माझा हात दांड्यावरून निघेना. मिलीने माझं एकेक बोट सोडवलं, आणि ती पोरं, अँडीचं आडनावही माहीत नसलेली, त्याला उरलेल्या सात पायऱ्या सहज वर घेऊन गेली. आम्ही सहा जण कठडा धरून मागून चढलो.